भिंतीपलीकडच्या खोलीबाबत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, नगररचना कार्यालयातून निवृत्त झालेला आरेखक, स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी बसून आणि स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी काल दिला, तो सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल आणि छातीबद्दल मात्र काही लिहून द्यायला ते तयार झाले नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही. कोणाचे दडपण नाही. खरे तर मी हे लिहू नये असेच एकदोघांना वाटेल, पण त्याला इलाज नाही.

कलम १. माणसांची पूर्ण नावे, वये, पत्ते आणि जागांचे क्रमांक वकीलसाहेबांनी जोडपत्रात लिहिले आहेत. या मुख्य कागदात मी माणसांना ज्या नात्याने किंवा कामाने ओळखतो तसेच लिहीन. वकीलसाहेब म्हणाले, "असं चालतं, पण शोभत नाही." चालते तर चालू दे.

कलम २. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. गरज वाटली नाही, कारण मी आधी जाणार असे आम्ही दोघांनी गृहीत धरले होते. पत्नी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होती. माझ्यामागे काय करायचे ते सर्व तिला ठाऊक होते आणि तिने ते चोख केले असते. तिला जाऊन आता चौदा महिने झाले. तिच्यामागे काय करायचे हे मला कोणी शिकवलेले नव्हते.

कलम ३. माझ्या नावावर तीन जागा आहेत: तळमजल्यावरची लांब खोली, जी मध्ये भिंत घालून दोन केली आहे, वरच्या रस्त्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि बाजाराच्या मागचा एक गाळा. कागदावर नाव माझे असले तरी हे सर्व पत्नीने उभे केले आहे, हे इथे नमूद करतो. आजवर लोकांनी "साहेबांनी तीन जागा केल्या" असे म्हटले की मी हसून गप्प बसत असे. तेव्हा तीही हसायची. आता मी एकटाच गप्प बसतो, तेव्हा ते खोटे वाटते.

ती दस्त नोंदणी कार्यालयाच्या बाहेर, व्हरांड्यात, टाइपरायटर घेऊन बसत असे. इतरांची खरेदीखते, बक्षीसपत्रे, वाटणीपत्रे टाइप करून देई. लग्नाच्या आधीपासून तिचे ते काम होते. आम्ही तेव्हा एका घराच्या मागच्या बाजूला भाड्याने राहत होतो आणि घरमालकाच्या परवानगीशिवाय भिंतीत खिळा ठोकायची सोय नव्हती. एके दिवशी ती संध्याकाळी आली, चप्पल काढली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "अहो, आज आपल्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याने दुसरी खोली घेतली. दुसरी! कागद मीच केला. त्याला सही येत नाही, अंगठा लावला त्याने."

मी म्हणालो, "बरं झालं की."

"त्याचं बरंच झालं. आपल्या दोघांना सह्या येतात, तर आपण अजून दुसऱ्याच्या भिंतीवर कॅलेंडर लावायला परवानगी मागतोय."

त्या रात्री तिने त्यापुढे काही बोलणे टाळले. ती एखाद्या गोष्टीबद्दल बोलणे टाळू लागली की ती ठरली आहे असे समजायचे, हे मला चार वर्षांच्या संसारात कळले होते.

कलम ४. पहिल्या जागेबद्दल. हे कलम थोडे लांबेल. माझ्या मुलीला स्वतःसाठी एक लहानशी जागा घेऊन ती भाड्याने द्यायची आहे. दोन महिन्यांपूर्वी तिने फोनवर विचारले, "बाबा, आईने सुरुवात कशी केली? म्हणजे अगदी पहिली?" मला फोनवर सांगता आले नाही. म्हणून इथे लिहितो. वकीलसाहेब म्हणाले, "हे मृत्युपत्रात लागत नाही." मी म्हणालो, "मला लागतं."

तुझी आई कुठलीही जागा तीनदा पाही. एकदा दुपारी, उन्हात, आणि तेव्हा नुसती खोलीत बसून राही. एकदा पाणी यायच्या वेळी. आणि एकदा संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी, कारण तेव्हा शेजाऱ्यांची दारे उघडी असतात आणि माणसे खरे बोलतात. घरमालकाला ती फार विचारत नसे. शेजारणीला विचारी, आणि तेही "छत गळतं का?" असे कधी विचारत नसे. त्याला सगळे नाहीच म्हणतात. ती विचारी, "पावसाळ्यात बादली कुठे ठेवता?" मग शेजारीण बोटाने कोपरा दाखवी. एका बाईंनी दोन कोपरे दाखवले, तेव्हा आम्ही चहा पिऊन उठलो.

अशा एकोणीस खोल्या आम्ही पाहिल्या. सुट्टीच्या दिवशी दुसरे काही केलेच नाही. मला तेव्हा कंटाळा येई. आता वाटते, आमच्या आयुष्यातल्या चांगल्या सुट्ट्या त्याच होत्या. अनोळखी जिने चढायचे, परक्यांच्या खिडकीतून बाहेर पाहायचे, आणि परत येताना ती विचारायची, "इथे राहिलो असतो तर भांडण कशावरून झालं असतं?" मी सांगायचो, नळावरून. ती म्हणायची, नाही, जिन्यातल्या दिव्यावरून.

विसावी जागा म्हणजे छापखान्याचे जुने कोठार. वीस फूट लांब, अकरा फूट रुंद, दोन टोकांना दोन दारे. एक दार मोठ्या रस्त्यावर, एक मागच्या गल्लीत. आत कागदाचा आणि शाईचा वास, भिंतींवर गठ्ठ्यांचे डाग. वर्षभर कोणी घेत नव्हते, कारण राहायला ते फार लांबट आणि दुकानाला फार खोल. तुझ्या आईने दोन्ही दारे उघडली, मधोमध उभी राहिली, एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे, आणि हळूच म्हणाली, "अहो, दोन दारं म्हणजे दोन घरं. मागच्या दाराचं भाडं पुढच्या दाराचा हप्ता भरेल."

सुरुवात करणे म्हणतात ते एवढेच होते. माझ्या कार्यालयाच्या पतपेढीचे कर्ज, तिने सात वर्षे बाजूला टाकलेले पैसे, आणि दुसरे दार सगळ्यांच्या आधी तिला दिसणे.

कलम ५. माझा मोठा मेहुणा, म्हणजे पत्नीचा थोरला भाऊ, याच्याबद्दल. कोठार घेतले तेव्हा तो पाहायला आला होता. दारात उभा राहून, रस्त्यावरच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "जावईबापू, घर घ्यायला गेलात आणि बोगदा घेऊन आलात?" पुढची अनेक वर्षे तो आमच्या घराला बोगदाच म्हणत असे आणि कर्जाला जामीन राहण्याबद्दल मात्र त्याला ऐकू कमी येत असे. पत्नीने त्याला एकदाच उत्तर दिले. "दादा, बोगद्याला दोन्हीकडून उजेड असतो. तुझ्या बंगल्यात दुपारी दिवा लावावा लागतो." यावर तो तीन महिने आला नाही. ते तीन महिने बरे गेले.

आमच्या घरातली आरामखुर्ची तो आल्यावर न विचारता बळकावत असे. ती खुर्ची मी त्याला देतो. त्याने ती घेऊन जावी आणि तिच्यात स्वतःच्या घरी बसावे. बहिणीच्या आजारपणात तो रोज येऊन त्याच खुर्चीत, काही न बोलता, दोन तास बसत असे, हेही मला नोंदवले पाहिजे. म्हणून खुर्ची चांगली पॉलिश करून द्यावी.

कलम ६. मधल्या भिंतीबद्दल. हिची हकिगत मुलांना अर्धवट ठाऊक आहे. खरी अशी.

आमच्या कार्यालयातल्या मोजणीच्या फितीचा सुरुवातीचा अर्धा फूट तुटलेला होता. नवी फीत कधी मिळाली नाही, त्यामुळे तिने मोजायचे आणि आकड्यातून अर्धा फूट वजा करायचा, अशी आम्हा सगळ्यांची सवय झाली होती. झोपेतही वजा केला असता. कोठाराचे माप घ्यायला मी हौसेने कोरी करकरीत फीत विकत आणली. वीस फूट मोजले, आणि सवयीने अर्धा फूट वजा करून साडेएकोणीस लिहिले. त्याचे निम्मे पावणेदहा. गवंड्याला सांगितले, आमच्या बाजूने पावणेदहा फुटांवर भिंत घाल. त्याने बिचाऱ्याने इमानदारीने घातली. भिंत वाळल्यावर आमचा पलंग आणि कपाट आत नेले, तर कपाटाचे एक दार पलंगाला अडले. ते आजतागायत अर्धेच उघडते.

पत्नीने दोन्ही खोल्या मोजल्या आणि खाली बसून हसायला लागली. मी म्हणालो, भिंत पाडू, चूक माझी आहे. गवंडी म्हणाला, "साहेब, दिवसभर दुसऱ्यांची घरं कागदावर मापता, आणि स्वतःचं घर मापताना हे?"

ती म्हणाली, "राहू दे. भाडेकरूची खोली आपल्यापेक्षा अर्धा फूट मोठी. बरं आहे. आपण मालक आहोत हे डोक्यात जाणार नाही."

पुढे तो तिचा नियमच झाला. फ्लॅट घेतला तेव्हा पंखा आधी तिथे बसला, आमच्याकडे पुढच्या वर्षी. भाडेकरूकडे रंग आधी, आपल्याकडे उरला तर. मुलीने हे लक्षात ठेवावे. यात नफा किती हे मला माहीत नाही, पण अडतीस वर्षांत आमची एकही जागा महिनाभराहून जास्त रिकामी राहिली नाही.

कलम ७. वरच्या रस्त्यावरचा फ्लॅट मी माझ्या मुलाला देतो. तिन्हींत त्याची किंमत सर्वांत जास्त आहे. त्याने तो ठेवावा किंवा विकावा, माझे काही म्हणणे नाही. मुलगा वाईट नाही, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या कलमात तसे वाटण्याचा संभव आहे. मी इथे एकटा पडलो आहे, एखाद्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरेल, म्हणून मी त्याच्या गावी जाऊन राहावे, असे तो म्हणतो. तो लांब खोलीच्या भिंतीला धरून चालायला शिकला. त्याच्या हाताची उंची मी पेन्सिलीने भिंतीवर दर महिन्याला लिहून ठेवत असे. माझ्या नकाशाच्या पेट्या, कंपास आणि फूटपट्ट्याही त्यालाच द्याव्यात. लहानपणी त्याला हात लावू देत नव्हतो.

बाजारामागचा गाळा मुलीला. हा गाळा माझ्या आग्रहाने घेतला. पत्नीला तो तिसऱ्यांदा पाहायचा होता. मी म्हणालो, "अगं, तोवर दुसरा कोणी घेऊन जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे. जागा काय, पुन्हा येतात." मी ऐकले नाही. पहिल्याच पावसाळ्यात फरशीतून घोट्याएवढे पाणी वर आले. "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य ती कधीच बोलली नाही. फक्त म्हणाली, "तुमच्या मनासारखं झालं ना? आता फडकी आणा." तिथे हल्ली किल्ल्या करणारा आहे. त्याने स्वतः फरशी उंच करून घेतली. त्याच्या वागण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच्या शिट्टीबद्दल आहे.

टाइपरायटर मुलीला. घड्याळ, रेडिओ आणि भांडी दोघांनी न भांडता वाटून घ्यावीत. माझ्यामागे कसलाही समारंभ करू नये.

कलम ८. भिंतीपलीकडची खोली, आणि मी खोटे बोललो त्याबद्दल.

मागच्या गल्लीत दार असलेल्या त्या खोलीत गेली चोवीस वर्षे एक परिचारिका राहतात. आम्ही सगळे त्यांना सिस्टर म्हणतो, आणि त्या पत्नीला ताई म्हणत. त्या एकट्या आहेत. इस्पितळातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षे झाली. पत्नी आजारी पडली तेव्हा सात महिने त्या रोज गल्लीला वळसा घालून दोनदा येत. अंग पुसणे, औषधे, कूस बदलणे, सगळे त्यांनी केले. मी पैशांची गोष्ट काढली तर म्हणाल्या, "साहेब, तुम्ही चहा करा. तेवढं जमतं तुम्हाला."

पत्नी जाण्याच्या तीन दिवस आधी, दुपारी, तिला थोडे बरे वाटत होते. सिस्टर तिचे केस विंचरत होत्या. मी पलंगाच्या पायथ्याशी बसलो होतो. ती म्हणाली, "सिस्टर, ती खोली तुम्ही असेपर्यंत तुमची. कोणी उठवणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, मशीनला कागद लावा. आत्ताच करून टाकू."

आयुष्यभर व्हरांड्यात बसून तिने शेकडो लोकांना सांगितले होते, "तोंडी काही नसतं हो, कागद करा." तिला कागद हवा होता. आणि मी म्हणालो, "आज दमलीस. उद्या करू."

ती दमली होती हे खरे. पण मी कागद लावला नाही त्याचे कारण ते नव्हते. कागद लावला असता तर ती जाणार आहे हे मी मान्य केले, असे झाले असते. ती म्हणाली, "बरं, उद्या." दुसऱ्या दिवशी तिला बोलता येत नव्हते.

त्यानंतर दहा दिवसांनी मुले आणि मी पुढच्या खोलीत बसलो होतो. सिस्टर चहा घेऊन आल्या होत्या. मुलाने सांगितले की एका औषध दुकानदाराला मधली भिंत पाडून अख्खी लांब खोली हवी आहे, दोन्ही दारे पाहिजेत, किंमत चांगली येते आहे आणि तो थांबायला तयार आहे.

मुलगी म्हणाली, "पण आईने सिस्टरांना शब्द दिलाय. मला फोनवर सांगितलं होतं तिने."

मुलगा म्हणाला, "कागद आहे का काही?"

"नाही. पण बाबा होते तिथे."

"बाबा, खरंच असं बोलली होती का आई?"

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

सिस्टरांच्या हातात ट्रे होता. त्या म्हणाल्या, "ताई तापात होत्या हो. तापात माणूस काहीही बोलतं. तुम्ही नका मनावर घेऊ." त्यांनी कप गोळा केले, मोरीवर विसळले आणि गेल्या. मुलगा बहिणीला म्हणाला, "प्रत्यक्ष होते त्यांना आठवत नाही, आणि तुला बरं आठवतं." त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी कामापुरते बोलतात.

म्हणून मी, वर उल्लेखलेला, शपथेवर लिहितो की मला आठवते. मी ऐकले. शब्द वर लिहिले आहेत तेच होते. पत्नीला ताप नव्हता. तो मी सकाळीच पाहिला होता आणि भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिला होता. तो तक्ता माझ्याकडे आहे आणि तो या मृत्युपत्राला जोडला आहे. मुलगी खरे बोलत होती. सिस्टर खोटे बोलल्या, आणि ते मला वाचवण्यासाठी बोलल्या.

दुकानदाराने आता मुदत दिली आहे, या महिनाअखेरची. सिस्टरांनी कुरकुर न करता नवी जागा शोधली. ती तिसऱ्या मजल्यावर आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत. मी रोज खिडकीतून त्यांना जागा पाहायला जाताना बघत होतो आणि काही बोललो नाही. मी बोलण्यातला माणूस नाही, असे मी स्वतःला सांगत आलो. त्याचा उपयोग मी या वेळी वाईट केला.

तरी ठरवतो ते असे. लांब खोलीचे दोन्ही भाग मी मुलीला देतो. मात्र मागच्या खोलीत सिस्टरांना त्यांच्या हयातीपर्यंत विनामोबदला राहण्याचा हक्क राहील. तो मुलीने, मुलाने किंवा पुढे जागा घेणाऱ्या कोणीही मोडू नये. भिंत पाडू नये. पुढचा भाग, माझ्यामागे, मुलीने राहायला वापरावा किंवा भाड्याने द्यावा. तिची सुरुवात तिथूनच होऊ दे.

वकीलसाहेबांनी सांगितले की मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते, आणि सिस्टरांना तर महिनाअखेरीस जागा सोडायची आहे. म्हणून याच मजकुराचा, आजपासूनच लागू होणारा, वेगळा करारही मी केला आहे. तो पत्नीच्या मशीनवर मी स्वतः टाइप केला. दोन बोटांनी, एक पान, चार तास. त्यात चुका आहेत, पण अर्थाच्या नाहीत.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी.

कलम १०. सह्यांच्या आधी आज सकाळी जे घडले ते इथे जोडत आहे, कारण त्यामुळे कलम ८ मध्ये बदल करावा लागला.

दुकानदाराचा कागद घेऊन मुलगा आज सकाळी आला. मला सही करायची होती. मी त्याच्यापुढे हा कागद ठेवला. त्याने उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली. कलम ८ शी आला तेव्हा बसला. वाचून झाल्यावर म्हणाला, "मग तेव्हा का नाही बोललात, बाबा?"

मी म्हणालो, "तिचं शेवटचं धड बोलणं तेच होतं रे. ते मला तुमच्या भांडणात ठेवायचं नव्हतं."

त्याने पान उलटून कलम ८ पुन्हा पाहिले. मग म्हणाला, "आणि त्या दिवशी ताईला मी काय काय बोललो." थोड्या वेळाने, "तिसऱ्या मजल्याचं मला कोणी सांगितलं नाही."

"विचारलं नाहीस."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

हेही खरे आहे. मी नोंदवतो.

त्याने बाहेर जाऊन दुकानदाराला फोन केला. मला एवढेच ऐकू आले: "नाही, किमतीचा प्रश्न नाही. आईचं आहे ते." आत येऊन म्हणाला, "हा निर्णय मला पटलाय असं नाही. पण शब्द दिला होता म्हणता, तर दिला होता." मग त्याने बहिणीला फोन लावला आणि तो घेऊन बाहेर रस्त्यावर गेला. अर्ध्या तासाने तो गल्लीला वळसा घालून सिस्टरांना घेऊन आला.

सिस्टरांची ट्रंक भरून झाली होती. हात पुसत पुसतच त्या आल्या. त्यांनी चष्मा लावून करार वाचला, दोनदा वाचला, आणि बोट एका शब्दावर ठेवून म्हणाल्या, "हे काय? विनामोबदला?"

मी म्हणालो, "तिची तशीच इच्छा असणार."

"ताईंनी खोली दिली म्हणाल्या. फुकट दिली नाही म्हणाल्या. मी शेजारीच होते ना, कंगवा माझ्याच हातात होता. भाडं मी देणार. आत्ता देते तेवढंच, आणि दर वर्षी वाढेल तसं."

मी म्हणालो, "सिस्टर, आता कशाला?"

"मग माझी ट्रंक भरलेलीच आहे. गाडी बोलावते."

मुलगा म्हणाला, "बाबा, खोडा तो शब्द."

सह्यांसाठी आलेल्या वकीलसाहेबांनी करारात आणि या मृत्युपत्राच्या कलम ८ मध्ये 'विनामोबदला' हा शब्द खोडला. दोन्ही ठिकाणी खोडाखोडीशेजारी माझी सही आहे. हक्क ज्यांना मिळतो त्यांना साक्षीदार होता येत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून सह्यांच्या आधीच सिस्टर आपल्या खोलीत परत गेल्या. जाताना त्यांनी मुलाला सोबत नेले आणि ट्रंक परत कपाटावर चढवून घेतली.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे. मला समजले आहे. मला मान्य आहे.

लिहून देणार: सही

साक्षीदार पहिला: सही. (गवंडी, आता काम सोडले आहे. मधली भिंत यांनीच घातली.)

साक्षीदार दुसरा: सही. (किल्ल्या करणारा. बाजारामागचा गाळा.)

समक्ष: वकीलसाहेब, सही व शिक्का

मुलगा: वाचले. सही.

खोडलेला शब्द एक, पान सहा: सही.

स्थळ: राहते घर, पुढची खोली

दिनांक: नऊ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी साडेबारा